आईला मिशेरी, मला पॅकेज : कॅन्सरची तपासणी नक्की कुणी करायची?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे गृहस्थ खानापूर तालुक्यातले, वय ३८, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी कोईमतूरला असतात. गावी आई, वय ५४, लहानपणापासून मिशेरी लावतात. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून गेल्या आणि उपकेंद्रात कॅन्सरच्या तपासणीला बोलावलं. आई म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" घरच्या डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, त्रास नाही तर कशाला मागे लागता. इकडे या गृहस्थांनी स्वतःचं चार हजारांचं फुल बॉडी पॅकेज केलं. त्यात सीईए नावाचा ट्यूमर मार्कर (कॅन्सरमध्ये वाढू शकणारा रक्तातला घटक) किंचित वाढलेला आला आणि आता झोप उडाली आहे. तंबाखूचा मावा खातो, अधूनमधून सिगारेट ओढतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. तर बरोबर कोण? आई, डॉक्टर की मी?

तिघेही चुकलात, पण सगळ्यात कमी चूक आईंची आहे. मी विट्यात २८ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. तुमच्यासारखी माणसं दिवाळीला आणि यात्रेला गावी आली की हातात रिपोर्टची जाडजूड फाईल घेऊन माझ्याकडे येतात. कुणी कोचीहून, कुणी कानपूरहून. फाईल बघून होते आणि मग मी म्हणतो, आ करा. तिथे माणूस दचकतो. सत्तर-ऐंशी तपासण्या झालेल्या असतात, पण तोंडात टॉर्च मारून कुणी बघितलेलं नसतं. तुमचंही तेच झालंय. मावा खाणाऱ्या माणसाला कॅन्सरच्या बाबतीत जी एक तपासणी करायला हवी होती, ती त्या चार हजारांत नव्हती.

आधी तुमच्या सीईएचं सांगतो, म्हणजे निदान आज रात्री झोप लागेल. हा मार्कर सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतो, लिव्हरच्या आणि आतड्याच्या साध्या सुजेतही वाढतो. आतड्याचा कॅन्सर झालेल्या माणसात ऑपरेशननंतर तो परत आलाय का, हे बघायला त्याचा उपयोग आहे. धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला नाही. तीच गोष्ट सीए-१२५ या दुसऱ्या मार्करची. तो पाळीच्या दिवसांत वाढतो, गर्भाशयातल्या साध्या गाठींत वाढतो, पोटाच्या टीबीत तर भरपूर वाढतो. धडधाकट बायकांत अंडाशयाचा कॅन्सर शोधायला तो वापरून बघितला गेला, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मोठमोठ्या पाहण्या झाल्या, मृत्यू काही कमी झाले नाहीत. तरी पॅकेजमध्ये तो असतो, कारण सुई एकदाच टोचायची असते आणि यादी जितकी लांब तितकं गिऱ्हाईक खूश. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर लगेच डॉक्टरला दाखवा. तसं काही नसेल तर सिगारेट बंद करा, दीड-दोन महिन्यांनी हाच एक मार्कर परत करा आणि तो रिपोर्ट ओळखीच्या डॉक्टरला दाखवा. पेट स्कॅनच्या नादाला लागू नका.

आता मूळ मुद्दा. त्रास होतोय म्हणून करतो ती तपासणी वेगळी आणि काहीही त्रास नसताना करतो ते स्क्रीनिंग वेगळं. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी. ज्वारी चाळताना चाळणीत जे अडकतं ते सगळे खडे नसतात, पण ते हातात घेऊन बघावं लागतं. आणि चाळणीची भोकं चुकीची असतील तर खडे खाली पडतात आणि दाणे वर राहतात. तुमच्या पॅकेजची चाळणी तशी होती.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तीनच कॅन्सरची चाळणी आहे : तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा, म्हणजे बायका ज्याला पिशवीचं तोंड म्हणतात त्याचा. २०१६ साली याची पद्धत ठरली. वय ३० ते ६५, दर ५ वर्षांनी. तोंड डोळ्यांनी बघायचं, स्तन हातांनी तपासायचे, पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखंच, लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उठतोय का ते बघायचं. भूल नाही, चिरफाड नाही. आशाताईंनी आईंच्या घरी जो फॉर्म भरला त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, घराण्यातला आजार असे प्रश्न असतात. गुण ४ च्या वर गेले की त्या बाईला आधी बोलवायचं. तपासणी मात्र तिशीच्या पुढच्या सगळ्यांचीच करायची आहे.

आणि होते किती जणींची? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या देशभरात १.९ टक्के. पुरुषांत तोंडाची तपासणी झालेले १.२ टक्के. म्हणजे शंभरात एक. त्या ९८-९९ लोकांत तुम्ही आहात, आई आहेत, तुमचे डॉक्टर आहेत आणि २०१० पर्यंत मीही होतो.

अमेरिकेतलं चित्र याच्या अगदी उलटं. तिथे २००४ साली छापून आलेल्या एका पाहणीत ५०० लोकांना विचारलं तर ८७ टक्के म्हणाले की कॅन्सरची नियमित तपासणी ही जवळजवळ नेहमीच चांगली. हजार डॉलर रोख घेणार की अंगभर सीटी स्कॅन फुकट, असंही विचारलं होतं. ७३ टक्क्यांनी स्कॅन मागितला! आपल्या भागात गंमत अशी की ही दोन्ही माणसं एकाच घरात राहतात. मुलगा त्या ८७ टक्क्यांतला आणि आई धाड भरलीय का म्हणणारी. उत्साह आणि नकार दोन्ही चुकीच्या जागी बसलेत.

आईंचा नकार कुठून येतो ते मला माहीत आहे, कारण मी तो रोज ऐकतो. "तपासलं की काहीतरी निघतंच." "तुकडा काढला की पसरतं." "पोरीचं लग्न जमायचंय, आत्ता नको," कारण आईला तो रोग आहे म्हटलं की स्थळ माघारी जातं. बायका कॅन्सर हा शब्दसुद्धा उच्चारत नाहीत, "तसलं काही" म्हणतात. शिवाय आपल्याकडे मिरजेला नेलं म्हटलं की घरातली माणसं गप्प होतात. १८९४ पासून, वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांच्या दवाखान्यापासून, मिरज हे आजाऱ्यांचं गाव आहे आणि तिथून बरी होऊन आलेली माणसं कुणी मोजत नाही. आणखी एक कारण कुणी सांगत नाही. स्वतःच्या गावच्या उपकेंद्रातली सिस्टर ओळखीची असते, कधी जावेच्या माहेरची असते. तिच्यासमोर टेबलावर झोपायचं म्हणजे नको वाटतं. अशा बाईला मी शेजारच्या गावचं उपकेंद्र सुचवतो. निम्म्या तरी जातात.

आणि कामाचा खाडा. द्राक्षाच्या छाटणीत किंवा काढणीत मजुरी सोडून कुणी येत नाही. शिबिराची तारीख ठरवणाऱ्याला हे कुणी सांगायचं? ऑक्टोबरात छाटणी चालू असताना शिबिर लावतात आणि मग बायकांमध्ये जागृती नाही म्हणून रडतात.

आता तुमच्या डॉक्टरांकडे येतो. "त्रास नाही तर कशाला" हे वाक्य मीही अनेक वर्षं म्हटलंय, तेव्हा त्यांना नावं ठेवण्याआधी आमची बाजू ऐका.

सकाळच्या ओपीडीत साठ-सत्तर पेशंट असतात. बाई आलेली असते नातवाच्या खोकल्यासाठी. तिला मध्येच "तुमची पिशवी तपासायची राहिलीय" असं पुरुष डॉक्टरनं कसं म्हणायचं? पडदा नाही, धड टेबल नाही, बाहेर तिचा दीर उभा. हे झालं एक. दुसरं म्हणजे कटचा संशय. चांगल्या माणसाला डॉक्टरनं तपासणी सांगितली की लोक समजतात, लॅबवाल्याकडून याला काहीतरी मिळतंय. हा संशय आमच्याच धंद्यातल्या काही लोकांनी कमावलेला आहे, तक्रार कुणाकडे करणार? पण त्याचा परिणाम असा की सरळ डॉक्टर सांगायचंच सोडून देतो. तिसरं, पुढे काय हा प्रश्न. काही वर्षांपूर्वी मी डाग आलेल्या एका बाईला पुढच्या तपासणीला एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पहिल्यांदा मशीन बंद, दुसऱ्यांदा मॅडम रजेवर, तिसऱ्यांदा चुकीच्या खिडकीवर रांग. तीन दिवसांची मजुरी गेली. चौथ्यांदा ती गेलीच नाही, आणि मला बाजारात दिसली की रस्ता बदलायची. पुढची वाट नीट नसताना चाळणी लावली की लोक चाळणीलाच शिव्या देतात आणि त्यांचं चुकत नाही.

चौथं कारण आम्ही कबूल करत नाही : आम्हालाच हे गणित नीट कळत नाही. इथले डॉक्टर म्हणून नव्हे, जगभर. २०१२ साली छापून आलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या ४१२ फॅमिली डॉक्टरांना विचारलं होतं की एखाद्या तपासणीनं जीव वाचतात हे कशावरून सिद्ध होतं. तीन चतुर्थांश डॉक्टर म्हणाले, निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं तर. आता हे चूक का, ते एसटीवरून सांगतो. विट्याहून मिरजेला जाणारी गाडी तासगाववरून जाते. एक जण विट्यात बसला, एक तासगावात. दोघेही मिरजेत एकाच वेळी उतरणार. विट्यात बसलेल्याचा प्रवास लांबला, म्हणून तो उशिरा पोचला असं होत नाही. रोग लवकर सापडला की निदानानंतरची वर्षं आपोआप वाढतात, मरणाची तारीख हललेली असेलच असं नाही. ती खरंच हलते का, हे बघायला हजारो माणसांचे दोन गट करून, एका गटाला तपासून, दोन्हीकडचे मृत्यू मोजावे लागतात. दक्षिण कोरियात थायरॉइडच्या सोनोग्राफीची टूम निघाली, २०११ साली थायरॉइडच्या कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं, आणि मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो लोकांचे गळे उगाच कापले गेले.

मग आपल्या तीन तपासण्यांचं काय? तर मृत्यू मोजण्याचं काम आपल्या राज्यात, आपल्या शेजारी झालंय, आणि त्याचा अभिमान सोडा, आमच्यातल्या बऱ्याच डॉक्टरांना पत्ता नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि टाटाच्या लोकांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचे चार गट केले. एका गटाची एकदाच एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, तपासणी केली. आठ वर्षांनी त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, आणि ज्यांना नुसती माहिती दिली होती त्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे. (त्या गटाला नुसती माहिती का दिली, यावर पुढे मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.) व्हिनेगरच्या एकाच फेरीनं मात्र तिथे म्हणावा तसा फरक पडला नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटानं तेच व्हिनेगर दर दोन वर्षांनी चार वेळा लावलं, तेही दहावी शिकलेल्या बायकांना तयार करून, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे एकदा शिबिराला जाऊन फोटो काढला की झालं असं नाही. परत परत जावं लागतं.

गर्भाशयमुखाच्या तपासणीत आणखी एक मोठी सोय आहे. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षं जातात आणि मधल्या टप्प्यावर तो डाग गरम किंवा गार करून दहा मिनिटांत मारता येतो. रोग लवकर पकडणं दूरच, तो होऊच द्यायचा नाही. स्तनाचं तसं नाही. तिथे गाठ लहान असताना सापडते इतकंच. मुंबईतच बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी हातानं तपासून वीस वर्षं पाठपुरावा केला. सगळ्या वयांत मिळून ठाम सांगता येईल असा फरक निघाला नाही, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. तुमच्या आई पन्नाशीच्या पुढच्या आहेत.

आणि तोंड. केरळात तिरुवनंतपुरमला नुसत्या डोळ्यांनी तोंड बघून, तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. साधनं कोणती, तर उजेड आणि दोन बोटं.

हे मी इतक्या पोटतिडकीनं सांगतो त्याला कारण आहे. २००९-१० च्या सुमाराला एक बाई माझ्याकडे येत होत्या. भाकरीबरोबर ठेचा खाल्ला की तोंडाला झोंबतो, एवढीच तक्रार. बोट मिशेरीनं काळं झालेलं मला दिसत होतं. मी बी-कॉम्प्लेक्स दिलं, तोंडाला लावायचं जेल दिलं. आठ महिन्यांत चार वेळा. ओठ बाजूला ओढून गालाच्या आत एकदाही बघितलं नाही. शेवटी दात हलतो म्हणून त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि त्यानं मला फोन केला. तोपर्यंत मानेत गाठ आली होती. त्या गेल्या. त्यांची सून अजून माझ्याकडेच येते आणि मला ते काही सोपं जात नाही. तेव्हापासून तंबाखू, मिशेरी, मावा यातलं काहीही घेणारा माणूस पायाला लागलंय म्हणून आला तरी आधी आ करायला लावतो. अर्धं मिनिट लागतं. साठ पेशंटांतही निघतं. वेळ नाही ही आमची सबब पिशवीच्या तपासणीला चालेल, तोंडाला नाही.

आपल्या सगळ्यांच्या स्वभावाचं सांगायचं तर डॉक्टर गप्प बसला की लोक समजतात, गरज नसेल. आशाताई चार वेळा आल्या तरी शेवटी बाई म्हणते, "आपल्या डॉक्टरांना विचारून सांगते." आणि आपला डॉक्टर "कशाला" म्हणाला की आशाताईंचं वर्षभराचं काम पाण्यात. उलट मी चिठ्ठीवर औषधांच्या खाली फक्त "उपकेंद्रात तपासणी करून घेणे" असं लिहायला लागलो तर बायका जायला लागल्या. बोलायची लाज वाटते तिथे लिहावं. बार्शीच्या भागात १९९० च्या सुमाराला नुसतं गावोगाव बोलून, कुठलंही मशीन न लावता, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं होतं. माझ्या स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. बायकोची पहिली तपासणी ती ४७ वर्षांची असताना झाली, तीही सिस्टरनं तिला हटकलं म्हणून.

आता तुमच्या घरचं. आईंचं तोंड आधी. गालाच्या आत, जिभेखाली, ओठाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम आहे का. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त वाईट. तीन बोटं उभी तोंडात जातात का ते त्यांना करून बघायला सांगा, आणि तुम्हीही करा. मावा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू मिटत जातं आणि त्यांना ते कळत नाही. स्तनांची तपासणी उपकेंद्रातली सिस्टर करेल. पिशवीच्या तोंडाबद्दल एक बारकावा : पन्नाशीनंतर ज्या भागात रोग सुरू होतो तो आत सरकतो, व्हिनेगर लावून नीट दिसत नाही. त्यामुळे आईंसाठी एचपीव्हीची तपासणी जास्त चांगली. तुमच्या पॅकेजच्या पैशांत ती झाली असती. पाळी गेल्यानंतर कधी अंगावरून लाल गेलं असेल तर मात्र हे काहीच नको, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, त्याच आठवड्यात. आणि पिशवी काढलेली असेल तर ऑपरेशनचं कार्ड शोधा. पूर्ण काढली की तोंड ठेवलं, ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि कशासाठी काढली तेही.

काही निघालं तर खर्चाचं काय, हा आईंच्या मनातला न विचारलेला प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतं. मिरजेत आणि कऱ्हाडला उपचार होतात, मुंबई गाठावी लागत नाही. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचं नाव एकसारखं आहे का ते तेवढं आत्ताच बघून ठेवा. ऐनवेळी लोक तिथेच अडकतात.

शेवटचं. तुम्ही आईंचं विचारलंत, स्वतःचं विचारलंत. तुमच्या पत्नीचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण तुम्ही ३८ चे, म्हणजे त्या तिशीच्या पुढे असणार. पिशवीच्या तोंडाच्या तपासणीचा सगळ्यात जास्त फायदा त्याच वयात आहे, आणि कोईमतूरला असल्यामुळे त्या कुठल्याच आशाताईंच्या वहीत नाहीत. ना इथल्या, ना तिथल्या. दिवाळीला याल तेव्हा दोघींना एकत्र पाठवा. सासू-सुना एकमेकींच्या सोबतीनं गेल्या की लाज निम्मी होते, हा माझा अनुभव. पाळीच्या दिवसांत जमत नाही, तेवढं बघून तारीख धरा. भाऊबीजेपर्यंत माझा दवाखाना बंद असतो. त्यानंतर सकाळी लवकर या, नऊच्या आत गर्दी नसते, आणि तुमचं तोंड मी तिथेच बघून देतो.